आईच्या गुडघ्याइतकी गाडी

वडिलांच्या जुन्या पिकअपमध्ये आईला चढवत नव्हतं आणि कुणी हात धरलेला तिला खपत नव्हता. गाडीची पुढची बाजू खाली आणायला दोन्ही स्प्रिंगांचे दीड-दीड वेढे कापावे लागतील, असा हिशेब मी तंजावूरच्या एका मेकॅनिकला दाखवला.

“सार, हिशेब गाडीचा झाला. गुडघा अम्मांचा आहे. त्यांना आणा.”

त्यांनी अर्धा-अर्धाच वेढा कापला, स्प्रिंगा बसवल्या आणि आईला चढायला सांगितलं. तिचा पाय अर्ध्यातून परतला.

“राहू दे रे,” ती मला म्हणाली.

“अम्मा, तुम्ही चढल्याशिवाय मी जेवणार नाही,” म्हणत ते पुन्हा गाडीखाली शिरले. आणखी अर्धा-अर्धा वेढा गेला. आईने पाय उचलताच मी हात पुढे केला, तसं त्यांनी ग्रीस लागलेल्या बोटांनी मला मागे ओढलं. ती एकटी चढली. हिशेबात मी अर्धा वेढा जास्त धरला होता.

दार ओढून घेत ती त्यांना म्हणाली, “आता उतरायला सांगू नका.”