‘सेट’चे दोन साक्षीदार

एडवर्डकाकांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, इंग्रजी ‘सेट’ या शब्दाचा अर्थ विचारला. दादरची खोली विकून मी वसईकडे, राजोडीच्या अलीकडे, त्यांच्या वाडीला लागून उभ्या राहिलेल्या इमारतीत नुकताच राहायला आलो होतो. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेलो. कुंपणापलीकडून सत्तरी ओलांडलेला, हातात कोयता घेतलेला माणूस असं विचारतो म्हटल्यावर मी जपूनच सांगितलं, टीव्हीचा सेट. आणखी? दागिन्यांचा सेट. त्यावर डोळे बारीक करून त्यांनी विचारलं, “हे तुमाला कोनी सांगितलं?” मला रागच आला. एवढ्या साध्या गोष्टीला कुणी सांगावं लागतं का? पण त्यांच्या लेखी लागतं, हे मला पुढे कळलं.

काका मुंबईतल्या एका छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे जुळवून पानं तयार करणं हे त्यांचं काम. एकदा एका इंग्रजी शब्दकोशाचं काम आलं आणि ‘सेट’ या तीन इंग्रजी अक्षरांवर पानं संपेचनात. एवढ्याशा शब्दाचे एवढे अर्थ असतील कसे? शब्दकोशवाला पानं भरायला थापा मारतोय, अशी काकांना शंका आली आणि ती पुढे तीस वर्षं गेली नाही. छापखाना बंद पडला, काका वाडी करू लागले, पण जो भेटेल त्याच्याकडून ‘सेट’चा अर्थ काढून घ्यायचा आणि शब्दकोशावर नजर ठेवायची, हा उद्योग सुरू राहिला.

त्याची पद्धत त्यांनी देवळातून, म्हणजे त्यांच्या चर्चमधून, उचलली होती. त्यांच्याकडे लग्न ठरलं की तीन रविवार मिस्सेत वधूवरांची नावं पुकारतात आणि कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. काका अर्थालाही तोच न्याय लावत. मिस्सा संपली की देवळाबाहेरच्या बाकावर तीन रविवार तो अर्थ सगळ्यांना ऐकवायचा. कुणी हरकत घेतली नाही, तर एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन चिठ्ठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. मी हिंदू, त्यातून दादरचा. म्हणजे गावातल्या कुणाशी माझं संगनमत असणं अवघड. त्यामुळे पक्का साक्षीदार म्हणून माझी नेमणूक झाली.

डब्यात काय नव्हतं? सूर्याचं मावळणं, जेली घट्ट होणं, लावायचा बारीक कांदा, बिजू नावाच्या जनावराचं बीळ. व्यायामशाळेतल्या पोरांचे तीन सेट, दोघांचं परस्पर जुळवून देणं, नोकरी लागून आयुष्य ‘सेट’ होणं. वाडीतल्या पपईला फळ धरलं की शेतकीवाले फळ सेट झालं म्हणतात, तेही होतं. प्रत्येक चिठ्ठीमागे काकांनी कुणाची ना कुणाची उलटतपासणी घेतलेली होती. व्यायामशाळेतली पोरं त्यांना पाहून मागच्या दाराने पळत.

अशा घरात नात जेनिफरने लग्न ठरवलं. आईवडील कुवेतला असल्यामुळे ती लहानपणापासून आज्याआजीकडेच वाढलेली. मुलगा रायन, नायगावच्या नव्या टॉवरमध्ये राहणारा, सातिवलीत एका कारखान्यात सुपरवायझर. टॉवरमध्ये राहतो, हा पहिला संशय. कारण टॉवरमधल्या माणसाचं मूळ गाव कुठलं ते लिफ्टवाल्यालाही ठाऊक नसतं, असं काकांचं मत. दुसरा संशय असा की मुलगा फार गोड बोलतो.

म्हणून काकांनी सापळा लावला. पहिला पुकारा झाला त्या रविवारी रायन जेवायला आला होता, मीही होतो. काका सहज बोलल्यासारखे म्हणाले की पावसाळ्याआधी आपण कौलं चाळतो, फुटकी काढून नवी बसवतो, त्यालाही इंग्रज लोक सेट म्हणतात, नाही का? अर्थ सपशेल बनावट होता. रायन घास गिळून म्हणाला, “हो काका, मीपण ऐकलंय असं.” काकांनी माझ्याकडे बघितलं. चोर सापडला होता.

दुसऱ्या पुकाऱ्यानंतर ते तडक फादरांकडे गेले. मुलगा खोटारडा आहे, लग्नाला माझी हरकत आहे. कसलं खोटं, फादरांनी विचारलं. सेटचं. फादरांनी, पुरावा असेल तर लेखी द्या, असं सांगून त्यांची बोळवण केली. मला हसू येत होतं, पण जेनिफरला येत नव्हतं. हरकत लेखी दिलीस तर मी ह्या घरातून वधू म्हणून निघणार नाही आणि नंतर पायही ठेवणार नाही, असं तिने आज्याला सांगून टाकलं. ती बोलली की करते, हे काकांना माहीत होतं. तरी ते हटले नाहीत.

शुक्रवारी डबा आणि जाडजूड शब्दकोश घेऊन ते माझ्या घरी आले. जेनिफरही मागोमाग आली आणि दारातच उभी राहिली. काकांना सिद्ध करायचं होतं की आपल्या डब्यात एकही खोटा अर्थ नाही, सबब खोटं ओळखण्याचा अधिकार आपल्याला आहे. मी एकेक चिठ्ठी शब्दकोशाशी ताडून बघू लागलो. पोरांचे बोलीतले अर्थ त्यात नव्हते, पण त्यांवर दोन-दोन सह्या होत्या. तळाशी पिवळ्या कागदांचा एक गठ्ठा लागला. सगळीकडे एकच साक्षीदार, ‘बाजारातली मेम, मार्फत जुलियाना’. दुसऱ्या सहीची जागा कोरी. जुलियाना म्हणजे काकांची बायको, सहा वर्षांपूर्वी वारलेली. ती वसईच्या बाजारात फुलं आणि भाजी विकायची; मेम म्हणजे तिथली कुणी इंग्रजी बोलणारी गिऱ्हाईक असावी.

मी ते अर्थ वाचले आणि शब्दकोशाला हात लावला नाही. ‘वाडीतून दमून आलेला माणूस अंघोळीआधी ओट्यावर बसतो ते.’ ‘एकाच दिव्याखाली एकाने वाचणं, दुसऱ्याने शिवणं.’ इंग्रजीच काय, कुठल्याच भाषेत एका शब्दाला इतकं काही म्हणायचं नसतं. काका म्हणाले, “थांबला काय? बघा ना मास्तर.”

बोलली ती जेनिफर. “आजा, मेम नव्हतीच. आजी भाजी निवडताना हे जुळवायची, मी शेजारी बसलेली असायचे. छापखाना बंद झाल्यावर तू कुणाशीच बोलत नव्हतास. अर्थ आणला की तासभर बोलायचास, म्हणून ती अधूनमधून एक आणायची.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “रायनला मीच सांगितलं होतं, आज्याला नाही म्हणू नकोस. आजा, ह्या घरात तुला कुणी कधी नाही म्हटलेलंच नाही.”

साऱ्या गावाची झडती घेणाऱ्या या माणसाने एकाच व्यक्तीवर डोळे मिटून विश्वास ठेवला होता आणि तीस वर्षांत खरी थाप फक्त तिनेच मारली होती. काकांचा चेहरा बघवेना. मला त्यांची दया आली आणि, खरं सांगतो, थोडा हेवाही वाटला. ते डबा न घेताच खाली उतरले.

तिसऱ्या रविवारी मी मुद्दाम देवळात गेलो. नावं पुकारली गेली, कुणाची हरकत असल्यास असं म्हणून फादर थांबले, त्यांनी सरळ काकांच्या बाकाकडे बघितलं. अख्ख्या देवळानेच बघितलं. जेनिफरने मान खाली घातली होती. काकांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. फादर पुढे वाचू लागले.

दुपारी ते माझ्याकडे आले. हातात एक नवी चिठ्ठी होती. कौलं चाळणे, साक्षीदार पहिला, रायन. दुसऱ्या जागी त्यांनी बोट ठेवलं. मी म्हटलं, काका, हे खोटं आहे. “मना ठाव हाय,” ते म्हणाले. मी सही केली.

मग त्यांनी डबा मागितला, तळातला पिवळा गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला आणि पेनाचं टोपण पुन्हा उघडून दिलं. “बेचाळीस हायत. सगल्यांवर दुसरी सही राहिलीय.”

मी सह्या करत गेलो. प्रत्येक सही ते उजेडाला धरून आधीच्या सहीशी ताडून बघत होते. शेवटची चिठ्ठी आली, ‘भांडण झाल्यावर बोलत नसले तरी नवराबायको एकाच ताटात जेवतात ते.’ ही मात्र त्यांनी ताडून बघितली नाही.