आटवलेलं पाणी

कुमुदचं पाण्याचं वेड साऱ्या वसाहतीला ठाऊक होतं. हिंदी मुलखातल्या एका शहराबाहेर, शहपुऱ्याच्या रस्त्याला, मटाराच्या शेतांना लागून, फॅक्टरीतून रिटायर झालेल्या काही मराठी कुटुंबांनी प्लॉट घेऊन घरं बांधली होती. नळ येणार येणार म्हणून प्रत्येक निवडणुकीत नुसता गाजायचा, तो काही आला नव्हता. सगळी मदार विहिरींवर. बाकीच्या बाया पाणी गाळून माठात ओतायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. कुमुद आधी तुरटी फिरवणार, मग तिपदरी फडक्यानं गाळणार, मग उकळणार आणि गार झालं की पुन्हा गाळणार. पाहुणा तिच्याकडचं पाणी प्यायला की हमखास म्हणायचा, वा, काय गोड पाणी! त्यावर तिचे यजमान, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, लगेच सांगायचे की विहीर त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून खोदवली आहे. कुमुदचं नाव त्यात कुठंच नसायचं, आणि तिला त्याचं काही वाटायचंही नाही.

हे वेड उगीच लागलेलं नव्हतं. अमरावतीची ही मुलगी लग्न होऊन शहरातल्या कांचघर भागात भाड्याच्या खोलीत आली. तिथं एका पावसाळ्यात तिचा एकुलता एक अनिमेष काविळीनं इतका पिवळा पडला, की शेजारच्या बायका तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागल्या होत्या. पोरगा वाचला. डॉक्टर म्हणाले, पानी उबालकर दीजिए. बस्स, ते वाक्य तिनं गाठीशी बांधलं. त्यानंतर तिच्या घरात कुणाचं साधं पोटही बिघडलं नाही, ही गोष्ट खरी आहे.

अनिमेषला मुलगी झाली तेव्हा कुमुदला पुन्हा हुरूप आला. सून संपदा नागपूरची, खाजगी शाळेत शिकवणारी. अबोल, पण गुणाची पोर. नातीचं नाव तिनं हौसेनं कादंबरी ठेवलं. संपदाला दूध जरा कमी होतं, शाळाही लवकर सुरू झाली, म्हणून डॉक्टरांनी दिवसा पावडरचं दूध द्यायला सांगितलं. त्या दुधाचं पाणी कुमुदनं आपल्याकडं घेतलं. नुसतं उकळून भागवणारी ती नव्हेच. तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं, बाळाचं पाणी आटवायचं असतं. वावडिंगाचे दाणे टाकून मंद आचेवर ठेवायचं आणि अर्ध्याच्याही खाली येऊ द्यायचं, मग ते पचायला हलकं होतं. पातेलं चढवलं की ती तिथून हलायची नाही. संपदा एकदा म्हणालीही की डब्यावर नुसतं उकळायला लिहिलंय. कुमुद हसली. डबा बनवणाऱ्यानं कधी बाळ न्हाऊ घातलंय का, म्हणाली. बिचारी संपदा डबा फळीवर ठेवून शाळेला गेली.

कादंबरी चार महिन्यांची झाली असेल. तिच्या ओठांभोवती निळसर झाक दिसायला लागली. आधी वाटलं, थंडी. मग दूध पिऊन झालं की ती मलूल पडायची, आणि नखंही काळपट दिसू लागली. शेजारच्या अनसूयाबाई आल्या, पोरीला उलटीसुलटी करून पाहिलं आणि निकाल देऊन मोकळ्या झाल्या, की आईचं दूध बाधलं आहे. बाहेर जाते, शाळेत काहीबाही खाते, उन्हातून येते आणि तशीच पाजते. बाईच्या दुधाला नावं ठेवायला आपल्या लोकांना जराही वेळ लागत नाही. पोर रडली तरी आईचं दूध, पोर झोपली तरी आईचं दूध. खरं सांगायचं तर कुमुदला हे सगळंच पटलं असं नाही, पण नातीचे ओठ पाहून तिचा जीव उडाला होता. तिनं संपदाचं पाजणं बंद केलं. रात्रंदिवस बाटली सुरू झाली आणि पाणी तिनं आणखी आटवायला घेतलं.

पुढं काय झालं ते लांबवून काय सांगायचं! एका दुपारी पोर उठेचना. तिला घेऊन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत अंग निळं झालं होतं. तरुण डॉक्टरनं रक्त काढलं तर ते लाल नव्हतं, काकवीसारखं तपकिरी होतं. तो धावपळ करता करता विचारत होता की पाणी कुठलं पाजता. अण्णा सांगत होते, घरच्या विहिरीचं, एकदम शुद्ध. औषध मागवलं, पण ते येण्याच्या आत कादंबरी गेली.

कुमुदला रडू आलंच नाही. लोक भेटायला आले, तिनं चहा केला. लोक गेले, तिनं कपबश्या विसळल्या. दुपट्यांच्या घड्या घातल्या आणि पुन्हा मोडून पुन्हा घातल्या, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं. जेवणाला चव नव्हती आणि चव नाही हेही तिला उशिरा कळायचं. संपदाचं दूध मात्र आटेना. ती मोरीत जाऊन पिळून टाकायची आणि डोळे कोरडे घेऊन बाहेर यायची. अनिमेष बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. एकदा संपदा माहेरी फोनवर बोलत होती. "माझ्या अंगातच जहर आहे, मम्मी," ती म्हणाली. "पोरीला मीच पाजून मारलं. आता दुसरं मूल मला नको." कुमुद दाराआड पोळ्या लाटत होती. तिनं ते ऐकलं आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.

तो डॉक्टर गप्प बसणारा नव्हता. त्यानं कुठंतरी कळवलं असावं, कारण पाणी तपासणारी माणसं आली आणि सगळ्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेली. काही दिवसांनी त्यांच्यातली एक मुलगी परत आली. मारुतीच्या ओट्यावर सगळ्यांना बसवून तिनं हिंदीत समजावलं, की मटाराच्या शेतातला युरिया आणि घरोघरच्या संडासाचे खड्डे ह्यांच्यामुळं पाण्यात नायट्रेट उतरलं आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसांना सहसा काही होत नाही. तान्ह्या बाळाच्या रक्तात मात्र त्यानं प्राणवायू पोचत नाही आणि बाळ निळं पडतं.

अण्णा उठून भांडायला लागले. आमची विहीर खोल आहे, आम्ही जन्मभर मशिनी हाताळल्या, तू कालची पोर आम्हाला सांगून राहिली का! अनसूयाबाईंना वेगळीच काळजी, ह्या पाण्याचा चहा चालेल का. कुमुदनं एवढंच विचारलं की उकळलं तर जातं ना.

"नहीं माताजी, उबालने से तो और गाढ़ा होता है," ती मुलगी म्हणाली. "पानी उड़ जाता है, ज़हर वहीं रह जाता है." मग बाकीच्या बायांकडं वळून तिनं सांगितलं, की लहान मूल असेल तर ह्या पाण्यातलं वरचं दूध देऊ नका, आईचंच द्या, आईच्या दुधात हे जवळजवळ उतरतच नाही.

सगळे उठले तरी कुमुद ओट्यावरच बसून होती. अनसूयाबाईंनी हात दिला आणि गुडघे दुखून राहिले का म्हणून विचारलं. कुमुद हो म्हणाली.

संपदा आणि अनिमेष त्या बैठकीला नव्हते. घरी अण्णांनी आपल्या पद्धतीनं सांगितलं, की सरकारी लोकांना काही समजत नाही, तरी आता टँकरचंच पाणी घेऊ. दुधाचा विषय त्यांनी काढला नाही. आणि कुमुदही बोलली नाही. काहून बोलायचं? कुणी विचारत नव्हतं. म्हातारपणाचा घास मुलाच्या हातून खायचा होता, आणि त्या मुलाला तोंडानं सांगायचं, की तुझी पोर माझ्या हातानं गेली? तिला भीतीसुद्धा धड वाटत नव्हती. फक्त तोंड उघडायला गेलं की आत कुणी नाहीच असं व्हायचं.

मग संपदा नागपूरला निघाली. थोडे दिवस म्हणून निघाली, पण बॅगेत उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे दोन्ही कपडे होते. सकाळची वेळ. ऑटो दाराशी उभा, अनिमेष बॅग उचलतोय, अण्णा पेपर वाचल्यासारखं करताहेत. संपदा पाया पडायला वाकली आणि कुमुदनं तिचे खांदे धरले.

"थांब," ती म्हणाली. "तुझ्या दुधानं झालं नाही. माझ्या पाण्यानं झालं. मी आटवलं ना, त्यानं जहर वाढलं. ती मुलगी ओट्यावर सांगून गेली, मी ऐकलं आणि घरी येऊन गप्प राहिली."

अण्णा म्हणाले, अगं, काय बोलून राहिली तू. कुमुदनं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. तिनं सगळं सांगितलं, वावडिंगापासून ते पाजणं बंद करण्यापर्यंत, भाजीत काय काय घातलं ते सांगावं तसं, आवाज न चढवता. अनिमेषनं बॅग पायरीवर ठेवली आणि तिथंच बसला. आईकडं पाठ करून बसला.

संपदानं विचारलं, "म्हणजे माझं दूध चांगलं होतं?"

"हो. ह्या घरात तिच्यासाठी तेवढंच चांगलं होतं."

संपदाचा चेहरा हलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ती ते पुसत नव्हती.

"तुम्ही तिला माझ्या मांडीवरून उचललं ना, आई," ती म्हणाली, "तेव्हा ती माझ्याकडं हात करून राहिली होती."

"हो," कुमुद म्हणाली. "मी पाहिलं होतं."