पॅकिंग विभागातली धूळ

प्रयोगशाळेत तिला सगळे विरजणबाई म्हणायचे. हे नाव वॉचमनने ठेवलेलं. तुमचं काम काय, असं त्याने एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "चिमूटभर विरजणाने भांडंभर दूध बदलतं ना, तसंच काहीसं." मग पुढची कित्येक वर्षं ती नवख्यांना समजावत राहिली, की विरजणात जिवंत जंतू असतात; एन्झाइम म्हणजे नुसतं प्रथिन, क्रिया भराभर घडवून आणतं आणि स्वतः जसंच्या तसं उरतं. ऐकतंय कोण! नाव चिकटलं ते चिकटलंच.

एकाच एन्झाइमवर तिने सतरा वर्षं घालवली. कातडी कमावण्याच्या कारखान्यामागच्या गाळात तिला एक जिवाणू सापडला होता. त्याचं एन्झाइम कपड्यांवरचे रक्ताचे डाग काढायचं, पण पाणी गरम झालं की दहा मिनिटांत मान टाकायचं. त्याच्या रचनेतला एकेक दुवा बदलायचा, गरम करायचं, मोजायचं. चारशेच्या वर नमुने बाद झाले. लग्नाचं वय निघून गेलं म्हणून आई हळहळायची. तिला स्वतःला ते गेल्याचं कळलंही नाही. अखेर एक नमुना साठ अंशांच्या पाण्यात तासभर टिकला. तिने तो आणखी तीनदा तपासला आणि मगच कुणाला सांगितलं.

एका साबण कंपनीने ते एन्झाइम उचललं. तिथे धाकट्या भावाला तिनेच शब्द टाकून लावून दिलं. तो पॅकिंगमध्ये होता. "ताईचं संशोधन मी पोत्यात भरतो," असं तो पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा.

आठ महिन्यांनी त्याला खोकला लागला. एकदा जेवताना भावजय म्हणाली, "ताई, रविवारी हे अगदी ठणठणीत असतात. सोमवारी दुपारपासून धाप लागते."

तिचा घास हातातच राहिला. कोरडी पावडर तोलताना तिलाही शिंका यायच्या, डोळे चुरचुरायचे. म्हणून ती काचेच्या कपाटात हात घालून तोलायची. कंपनीला दिलेल्या कागदांत मात्र हे लिहायचं राहून गेलं होतं. ती तिला स्वतःची सवय वाटत होती, लिहिण्याजोगी गोष्ट वाटलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली. पॅकिंगमध्ये पांढरं धुकं भरलेलं होतं आणि माणसं तोंडाला रुमाल बांधून पोती शिवत होती. तिने छातीच्या डॉक्टरांकडून भावाची आणि त्याच्या सात सोबत्यांची त्वचेवर ॲलर्जीची चाचणी करून घेतली. तिच्या एन्झाइमचा थेंब लावून सुई टोचताच आठपैकी पाच जणांच्या हातावर गांधी उठल्या. त्यात भाऊ होता.

प्रयोगशाळेच्या संचालकांनी अहवाल वाचून बाजूला ठेवला. "हा बाहेर गेला तर आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेऊ."

"धोंडा पडलाय साहेब. फक्त आपल्या पायावर नाही पडला."

अहवाल तिने कामगार निरीक्षकांकडे स्वतः नेऊन दिला. विभाग बंद झाला. वर्षभराने कंपनीने पावडरीऐवजी मेणाचा लेप दिलेले दाणे काढले आणि तिथली धूळ थांबली. पण मधल्या काळात घरी बसलेले कामगार भावाला म्हणाले, "तुझ्या बहिणीने आमच्या पोटावर पाय दिला." बोलायला लागणारा श्वासही त्याला पुरत नव्हता. दुसऱ्या हिवाळ्यात, दवाखान्याच्या जिन्यावर त्याला दम्याचा मोठा झटका आला. तो त्यातून उठला नाही.

दिवस झाल्यावर भावजय म्हणाली, "तुमच्यामुळे बाकीचे वाचले, असं सगळे सांगतात. मी त्याचं काय करू, ताई?"

भावजय उठून आत गेली.

नव्या एन्झाइमचं काम तिने पुन्हा हातात घेतलं नाही. कारखान्याच्या हवेत एन्झाइमची धूळ किती आहे, ते गाळणकागदावर मोजायची सोपी पद्धत तिने बसवली. त्यालाही सहा वर्षं लागली. ती पद्धत आता बऱ्याच ठिकाणी वापरतात. पहिला छापील लेख तिने भावजयीला पाठवला. पाकीट न फोडताच परत आलं. पत्त्यावर रेघ मारून भावजयीने शेजारी फक्त 'नको' असं लिहिलं होतं.