रमणकाका आणि माझे चार टायर

रमणकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात होते. वर्गात मी फोन घेत नाही. मुलांचे फोन जप्त करणारी बाई स्वतःचा कुठल्या तोंडाने घेणार? शाळा सुटल्यावर पाहिलं तर त्यांच्या बायकोचे, भानुकाकींचे चार मिस्ड कॉल. मला वाटलं, रविवारची आठवण करायला केले असतील. काकांनीच चार दिवसांपूर्वी माझ्या गाडीपाशी वाकून सांगितलं होतं, "मास्तरीणबाई, या टायरांची आता पेन्शन सुरू करा. रविवारी या, निवांत बसून ठरवू." मी फोन लावला. काकी म्हणाल्या, "जेवले, खाटेवर आडवे झाले, आणि चहाला हाक मारली तर उठलेच नाहीत ग..." एवढंच. वय बहात्तर, आजार नाही, कुणाकडून एक दिवस सेवा करून घेतली नाही. असं मरण नशीबवानाला येतं, असं त्या दिवशी अच्छाडला जमलेले सगळे म्हणत होते, मीही म्हणत होते. पण खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता. रविवारचं ठरवून हा माणूस असा निघून गेला कसा?

काका माझे नात्याने कुणी नव्हेत. मूळचे गंजाडचे. घरची शेती भावाकडे सोपवून तरुणपणीच गुजरात सीमेवरच्या अच्छाडला आले, नाक्यावर थांबणाऱ्या ट्रकांची पंक्चर काढता काढता स्वतःचं टायरचं दुकान उभं केलं. मराठी, गुजराती आणि वारली या तिन्ही भाषा त्यांच्या एकाच वाक्यात गुण्यागोविंदाने नांदायच्या. मी तलासरीला शाळेत गणित शिकवते, राहते डहाणू रोडला, नवरा रेल्वेत. म्हणजे सगळं कसं सरळ, साधं. फक्त एक खोड आहे: मला गाडी पळवायला आवडते. रस्त्यावर नाही हो. रस्त्यावर मी इतकी शहाण्यासारखी चालवते की मागचे रिक्षावाले वैतागतात. हौशी लोकांच्या स्पर्धा असतात, मोकळ्या मैदानावर प्लॅस्टिकचे शंकू मांडून वेडावाकडा मार्ग आखतात, एका वेळी एकच गाडी सोडतात आणि वेळ मोजतात. आमच्याकडची स्पर्धा गुजरातच्या बाजूला एका बंद कारखान्याच्या आवारात होते. ज्या गाडीतून रोज शाळेत जायचं, तिनेच तिथे जायचं, पळायचं आणि तिनेच घरी यायचं. घरात करारच झाला होता तसा. नवरा म्हणाला होता, "हौस कर, पण गाडी एक आणि टायरचा सेटही एकच." मास्तरणीच्या पगारात दुसरं काही परवडणारही नव्हतं.

पहिल्याच स्पर्धेवरून परतताना, सात वर्षांपूर्वी, अच्छाडला पुढचं चाक बसलं. गाडीत मागे माझी लेक ईशा, तेव्हा अकरा वर्षांची. काकांनी चाक काढलं, टायरच्या कडेवरून तळवा फिरवला आणि माझ्याकडे वर बघत म्हणाले, "बेन, गाडी चालवता की तिला मारता?" वळणावर टायर आडवा दुमडून त्याची कड खरवडून निघाली होती. मी चिडले. म्हटलं, मला वेगासाठीचे चांगले टायर हवेत, स्वस्तातले, आहेत का ते सांगा. तर म्हणाले, "देतो ना. आधी तुमचा आठवडा सांगा." हीच त्यांची पद्धत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, त्याला ट्रकच्या आडव्या टायरवर बसवायचं आणि सोमवार ते रविवार वदवून घ्यायचा. कुठून कुठे जाता, रस्ता कसा, पाऊस लागतो का, सामान किती, गाडीत कोण कोण असतं. एकदा एका शेठजींनी रागाने सांगितलं की मी टायर घ्यायला आलोय, जबानी द्यायला नाही. काका म्हणाले, "मग शेठ, पुढच्या दुकानात जा, तिथे काही विचारत नाहीत." शेठ बसले.

मी माझा आठवडा सांगितला. पाच दिवस डहाणू रोडहून गंजाड, चारोटी आणि मग हायवेने तलासरी, संध्याकाळी परत. शनिवारी बाजार. दोन-तीन महिन्यांतून एकदा मैदान. काका बोटं मोजत म्हणाले, "नव्वद दिवस रस्ता आणि एक दिवस मैदान, त्यातही पळणं पाच मिनिटांचं. आता तुम्हीच गणित करा, बाई." मग माझा वर्ग सुरू झाला. रबर मऊ असेल तर पकड जबरदस्त, पण सहा महिन्यांत टक्कल. कडक असेल तर वर्षानुवर्षं चालेल, पण वळणावर पाय सोडेल. खाचा कमी असतील तर कोरड्यात मजा, पावसात पाणी बाहेर जायला वाट नाही. त्यांनी मला मधला मार्ग दिला: मध्यम मऊ रबर, जाड बाजू, मधोमध पाण्यासाठी दोन खोल खाचा, कंपनी फारशी मिरवणारी नाही. "नावाचे पैसे देऊ नका, रबराचे द्या," म्हणाले. शिवाय मैदानावर हवा किती ठेवायची ते शोधायला शिकवलं. टायरच्या कडेवर खडूच्या रेघा मारायच्या, एक फेरी पळायचं आणि बघायचं. रेघ खालपर्यंत पुसली गेली तर टायर दुमडतोय, हवा वाढवा. रेघ तशीच राहिली तर हवा जास्त झाली. शाळेतून खडू नेणारी मी पहिलीच स्पर्धक असेन. परतताना मात्र त्यांच्याकडे थांबायचंच, मैदानासाठी वाढवलेली हवा ते स्वतः कमी करून द्यायचे, मगच घरी जायची परवानगी. मला हवेचा काटा बघायलाही उतरू द्यायचे नाहीत. काकींचा चहा पीत बसायचं.

आता माझ्या मूर्खपणाचं सांगते, कारण ते वगळलं तर हा लेख खोटा होईल. चौथ्या वर्षी माझा तिसरा नंबर अर्ध्या सेकंदाने हुकला. अर्धा सेकंद म्हणजे किती, हे मैदानावर पळणाऱ्यालाच कळतं. मला तीन रात्री झोप नव्हती. काकांकडे मऊ टायर मागितले, त्यांनी नाही म्हटलं. मग मी डोकं फिरल्यासारखं केलं. मोबाइलवर बघून मुंबईच्या कुणाकडून वापरलेले शर्यतीचे टायर मागवले, दिसायला नवे, किमतीला निम्मे, आणि काकांना न सांगता दुसरीकडे बसवून घेतले. सप्टेंबरची संध्याकाळ, रिमझिम, शाळेतून घरी निघालेली मी, मागे माझ्याच शाळेत शिकणारी ईशा. चारोटीच्या अलीकडच्या वळणावर गाडीने माझं ऐकणं सोडलं. वेग चाळीसही नसेल. गर्रकन अर्धी फिरली आणि कडेच्या चिखलात, आल्या दिशेला तोंड करून उभी राहिली. समोरून काही आलं नाही... एवढंच आमचं नशीब. कुणाला खरचटलंही नाही. मी स्टिअरिंग धरून बसले होते आणि ईशा मागून विचारत होती, "आई, आपण परत शाळेत चाललोय का?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ईशाला घेऊनच अच्छाडला गेले. वाटलं, आता चांगली खरडपट्टी निघणार. काकांनी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचले. त्यात टायर कोणत्या वर्षीच्या कितव्या आठवड्यात बनला ते लिहिलेलं असतं. माझे टायर नऊ वर्षांचे निघाले. रबर कधीच वाळून लाकूड झालं होतं. "गणिताच्या बाईंना चार आकडे वाचता आले नाहीत?" एवढंच म्हणाले. मग ईशाकडे वळून विचारलं, "तू घाबरलीस?" ती नाही म्हणाली. "आणि आई?" ती म्हणाली, "आई खूप घाबरली." काका म्हणाले, "सारू, चांगलं झालं. मग काही काळजी नाही." ते चारही टायर त्यांनी माझ्या देखत कापून टाकले, पुन्हा कुणाला विकले जाऊ नयेत म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी त्यांचं ऐकलं, आणि ऐकून गेल्या वर्षी चौथी आले.

दिवसकार्य उरकल्यावर काकींचाच फोन आला. "रविवार राहिला ना तुझा. ये." दुकान आता त्या आणि काकांकडे वीस वर्षं काम केलेले कारागीर मिळून चालवतात. मी त्या ट्रकच्या टायरवर बसले. कारागिरांनी समोर तीन सेट मांडले: मऊ, मधले आणि रुंद खाचांचे पावसाचे. मधले घ्यायचे हे तर ठरलेलंच होतं. त्यात यंदा आमच्या गटातला पहिला येणारा गडी बदली होऊन नागपूरला गेला होता, म्हणजे मधल्या टायरांवर माझा तिसरा नंबर जवळजवळ खिशात. विचारणारं कुणी नव्हतं म्हणून मीच मनात माझा आठवडा म्हणू लागले, आणि सोमवारीच अडकले. माझा आठवडा माझा राहिला नव्हता. ईशाला अठरा पूर्ण झाली, लायसन्स आलं होतं. तिचं कॉलेज वापीकडे; जूनपासून गाडी तीच चालवणार, मला तलासरीला सोडून पुढे जाणार. हेच मला काकांना त्या रविवारी सांगायचं होतं. नवी पोर, हायवे, पाऊस, शेजारून ट्रकांची रांग... तिसरा नंबर की हे, यात विचार करण्यासारखं काय होतं? तरीही मी पाऊण तास बसले, हे कबूल करते. त्या जागेसाठी सात वर्षं घासली होती. शेवटी पावसाचे टायर दाखवून म्हटलं, "हे चढवा." कारागीर म्हणाले, "बाई, काकांनी मधले दिले असते." म्हटलं, "दिले असते. पण त्यांना माझा नवा आठवडा माहीत नव्हता."

त्या टायरांवर मी गेल्या रविवारी पळाले. वळणावर गाडी अशी सरकत होती जसं लाडावलेलं मूल शाळेत जायला निघतं. गेल्या वर्षीपेक्षा दोन सेकंद जास्त, आणि नंबर सातवा. इतकी हसले मी शेवटच्या फेरीनंतर, की वेळ मोजणाऱ्यांना वाटलं जिंकले. येताना ईशा चालवत होती. अच्छाडला सवयीने थांबलो, आणि माझ्या लक्षात आलं की घरी जायची हवा किती, हे मला सात वर्षांत कधी कळलंच नव्हतं. ते काका बघायचे.

काकींनी आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला काकांच्या अक्षरात खडूने लिहिलेली लांबलचक यादी होती, पुढे हवेचे आकडे. मी माझं नाव शोधलं, नव्हतं. गाडीचा नंबर शोधला, तोही नव्हता. "अग, असं नाही सापडणार," काकी म्हणाल्या. "चालवणाऱ्याचं नाव ते लिहायचेच नाहीत. त्याच्या भरवशावर जो बसतो, त्याचं लिहायचे." आणि त्यांनी बोट ठेवलं. वरून पाचव्या ओळीत होतं: ईशा, पुढे बत्तीस, मागे तीस.

डोळ्यांत पाणी आलं, आलं तर आलं. बाहेर ईशा गाडीत बसून हॉर्न वाजवत होती. मग मी काकींकडून खडू मागून घेतला, तिच्या नावावर हलकेच रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: ईशाची आई.