छत्रीबाईंनी जहाज आत आणलं

माझ्या बायकोला अख्खं बंदर छत्रीबाई म्हणतं. ऊन असो नाहीतर ढग, तिच्या हातात लाल छत्री उघडी असते. मागून चालणाऱ्या पाहुण्यांना गर्दीत ती छत्री दिसायला हवी ना! ती गाईड आहे. मोठाली प्रवासी जहाजं आमच्या धक्क्याला लागली की उतरलेल्या लोकांना ती गाव दाखवते आणि जहाज सुटायच्या आत परत आणून पोचवते. मी त्याच धक्क्यावर जहाजांचे दोर खुंटांना बांधतो. जहाज मी धरून ठेवायचं आणि माणसं तिने सांभाळायची, अशी आमच्या संसारात वाटणी आहे.

एकही माणूस मागे राहू द्यायचा नाही, हा तिचा हट्ट. एकदा एक म्हातारे गृहस्थ हरवले. जहाजाचा भोंगा वाजतोय, वरून कप्तान हातवारे करतोय आणि ही गल्लीबोळ पालथे घालतेय. आजोबा सापडले न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी दाढी झालेली आणि गाढ झोपलेले. तिने त्यांना तसंच साबणासकट धक्क्यावर आणलं.

मग साथ आली. अगदी सुरुवातीलाच एक जहाज आमच्या बंदराबाहेर येऊन उभं राहिलं. आत आजारी माणसं होती. इतर बंदरांनी नकार दिला होता, आम्हीही दिला. गाव धक्क्यावर जमलं होतं, काही जण तर ओरडत होते. जहाजाच्या गॅलऱ्यांतून लोक आमच्याकडे बघून चादरी हलवत होते. मी दोर हातात घेऊन नुसता उभा. शेवटी जहाज वळलं आणि दिसेनासं झालं.

त्या दिवशी छत्रीबाई जेवली नाही. "आपले पाहुणे होते ते," ती म्हणाली, "आणि आपण त्यांना दारातून हाकललं."

माझी थोरली बहीण आमच्याकडेच राहते. इस्पितळात ती मुख्य नर्स, गावाची अक्का. ती मोरीत हात धूत होती, तशीच वळली. "अगं, आणि मी त्यांना झोपवलं कुठे असतं? माझ्या डोक्यावर? आपल्याच माणसांना खाटा मिळत नाहीत!"

दोघींचंही खरं होतं. मी ताटं उचलली.

पुढचे महिने वाईट गेले. गाईडचं काम बंद पडलं, तशी छत्रीबाई बर्फाच्या कारखान्यात मासळी भरायला जाऊ लागली. गार पाण्याने तिची बोटं फुटली. अक्का कामावरून यायची ती चेहऱ्यावर मास्कचे वळ घेऊन, आणि परभारे माडीवरच्या खोलीत जायची. तिच्यासाठी आंघोळीचं गरम पाणी जिन्याशी ठेवायची ते छत्रीबाईच. एकमेकींची काळजी घेत होत्या, पण जहाजाचा विषय निघाला की दोघींची तोंडं दोन दिशांना.

लस आली, साथ ओसरली. गेली मात्र नव्हती. तेव्हा एका जहाज कंपनीने विचारलं, की नव्या पद्धतीने प्रवास जमतो का हे बघायला चाचणीची एक फेरी काढायची आहे. प्रवासी स्वखुशीने येणारे, आमच्या आणि आसपासच्या गावांतले. जहाज आमच्या बंदरातून सुटेल आणि आमच्याच बंदरात परत येईल. चालेल का?

शाळेच्या सभागृहात सभा भरली. दुकानदारांना जहाज हवं होतं, बाकीच्यांचा जीव धास्तावलेला. कंपनीचे साहेब छान बोलले. जहाजावर आजार शिरूच शकणार नाही, म्हणाले. अक्का ताडकन उठली. "साहेब, मी या गावातली माणसं माझ्या हातांनी चादरीत गुंडाळलीत. मला असली वचनं नका देऊ." सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मला वाटलं, संपला विषय.

मग छत्रीबाई उभी राहिली.

"वन्सं म्हणतात ते बरोबर आहे," ती म्हणाली. "जहाजावर आजार येणार. आज नाही तर उद्या, पण येणारच." साहेबांचा चेहरा पडला. "म्हणून तो आला तर काय करायचं, ते आज ठरवू. खाट कुठली, गाडी कुठली, माणसाला कुठल्या जिन्याने उतरवायचं, सगळं. आणि एकदा ठरलं की त्या दिवशी जहाज परत पाठवायचं नाही. ही अट आपल्यालाही लागू."

"आणि जहाजावर नीट चाललंय की नाही, ते कोण बघणार? तू?" अक्का म्हणाली.

"मी नाही, तुम्ही. चला माझ्याबरोबर."

लोक हसले. सारा जन्म बंदरात काढूनही अक्का कधी होडीत बसलेली नव्हती. पाण्याची तिला भीती वाटायची, आणि हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. अक्काने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "येते. पण एक जरी गोष्ट चुकलेली दिसली, तर जहाज आत घेऊ नका म्हणून मीच बंदराला फोन करीन."

त्याच सभेत खाट, गाडी, जिना सगळं ठरलं आणि गावाने होकार दिला. जहाजावरचं पुढचं मला दोघींनी वेगवेगळं सांगितलं, पण मुख्य गोष्टी जुळल्या. पहिला दिवस अक्काला बोट लागली, ती खोलीतच पडून होती, तरी दाराआडून वेटरला विचारत होती, "हात धुतलेस का रे?" दुसऱ्या दिवसापासून तिने जहाज पिंजून काढलं. जेवण आता कुणी आपल्या हाताने वाढून घ्यायचं नव्हतं. अर्ध्या खोल्या रिकाम्या ठेवल्या होत्या, नाचाचा कार्यक्रम उघड्या डेकवर होता. अक्काला एक दार बंद दिसलं, हवा खेळत नव्हती. तिने कप्तानाला बोलावून ते उघडायला लावलं.

आणि परतीच्या वाटेवर आमच्याच गावच्या बेकरीवाल्याला ताप चढला. तपासणी केली, तर तोच आजार.

कप्तान म्हणाला, बंदराला लागेपर्यंत हे कुणाला सांगायला नको, लोक घाबरतील. छत्रीबाई त्याच्यासमोरून हलेना. "लोक घाबरतात ते कुणी काही सांगत नाही म्हणून. द्या तो माईक." आणि तिने साऱ्या जहाजाला सरळ सांगितलं: एक जण आजारी आहे, त्याला वेगळ्या खोलीत ठेवलंय, त्याच्या जवळ कोण कोण होतं त्यांची तपासणी चाललीय, आणि आपण सगळे मिळून घरी चाललोय. "मी आजवर कुणाला मागे टाकलेलं नाही, आजही टाकणार नाही."

इकडे बंदर अधिकाऱ्यांचा धीर सुटला. मी त्यांच्या खोलीतच होतो. ते जहाजाला फोनवर म्हणाले, "थोडे दिवस बाहेरच थांबा, मग बघू."

फोनवर अक्काचा आवाज आला, खोलीभर ऐकू जाईल असा. "बघू नाही. ठरलंय ते करायचं. पेशंट माझा आहे, खाट मी जहाजावर यायच्या आधीच लावून ठेवलीय. गाडी धक्क्यावर आणा. आणि माझा भाऊ तिथे असेल तर त्याला सांगा, दोर तयार ठेव!"

अधिकारी माझ्याकडे बघायला लागले. मी केव्हाच दाराबाहेर पडलो होतो.

जहाज बंदराच्या बांधाच्या आत शिरलं तेव्हा धक्का माणसांनी भरला होता. लांब-लांब उभे होते, पण एकही घर मागे राहिलं नव्हतं. पहिला दोर आला, मी खुंटावर चढवला. मागच्या जिन्याने बेकरीवाला खुर्चीत बसून उतरला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "लवकर बरा हो रे, पाव मिळेनासा झालाय!" आणि सगळा धक्का हसला. त्यानंतर टाळ्या सुरू झाल्या, त्या शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत थांबल्या नाहीत. सगळ्यांत मागून आमच्या दोघी उतरल्या, एकमेकींचे हात घट्ट धरून. अक्का रडत होती आणि डोळ्यांत खारा वारा गेला म्हणून सांगत होती.

बेकरीवाला खडखडीत बरा झाला. दुसरं कुणी आजारी पडलं नाही. पडलं असतं तरी खाटा तयार होत्या. त्या सभेत ठरलं ते आता आमच्या बंदराचा नियम आहे. शेजारच्या बंदरांतून माणसं तो शिकायला येतात आणि छत्रीबाई त्यांना खडूने फळ्यावर जिने काढून दाखवते. जहाजं पुन्हा येतात. पूर्वीपेक्षा कमी माणसं घेऊन येतात, पण येतात.

आणि अक्का? निवृत्त झाली त्याच आठवड्यात तिने जहाजावर नर्सची नोकरी धरली. सध्या कुठल्याशा समुद्रात आहे. काल फोन आला होता, कप्तान तिचं ऐकतो म्हणाली.