घड्याळ चांगलं होतं

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही. दोन्ही पोरांनाही नाही. आमच्या देवाला, बिरोबाला माहीत आहे, आणि त्याचीच भीती वाटते म्हणून लिहायला बसलो. शाळा तिसरीतच सुटली माझी, तेव्हा जसं बोलतो तसंच लिहिणार. तुम्ही माझे कोण? कोणी नाही. म्हणून तुमच्यापुढं तोंड उघडेल — असं वाटतंय.

आधी घड्याळाचं सांगतो. तिथून सुरू केलं म्हणजे जरा सोपं जाईल.

आटपाडीला एका लग्नात माझ्या मेहुण्याच्या मनगटावर ते पाहिलं. मेहुणा फौजेतनं रिटायर होऊन आलेला. घड्याळ जपानी, आटोमॅटिक. फार महागातलं नव्हे, साध्या शिपायालाही घेता येईल असं. पण काय चीज होती! सेल नाही, चावी नाही. पाठीमागं काच, आणि आत अर्ध्या भाकरीसारखं एक वजन. हात हलला की ते गरकन फिरायचं आणि त्याच्यावरच घड्याळ चालायचं. मेहुणा म्हणाला, "दाजी, ज्याचा हात चालतो त्येचंच ह्ये चालतं बगा."

झालं. मला ते पाहिजेच झालं.

मी मेंढरं कातरणारा माणूस. डाव्या हातानं मेंढरू आवळून धरायचं, उजव्यानं कातर चालवायची. कातडीला ओरखडा नाही, मेंढरू बें करणार नाही. दहा-बारा गावांत माझ्या हाताचं नाव होतं. असल्या माणसाच्या हातात सेलवरचं घड्याळ कसं शोभेल? मेहुण्याकडनं तसंच एक मागवून घेतलं. त्यातलं इंग्रजी मला वाचता येत नव्हतं, पण वाराच्या खिडकीत शनवार निळ्या अक्षरात यायचा आणि रविवार तांबड्या. शनवार म्हणजे आमच्या आटपाडीचा बाजार. तेवढं मला पुरं होतं. कुणी नवं घड्याळ दाखवलं की मी म्हणायचो, "तुझं सेलवर चालतंय गड्या, माझं माझ्यावर." लय मिरवलं मी ते. लय.

दोन-तीन वर्षं गेली आणि ते थांबायला लागलं. सकाळी हातात घ्यावं तर बंद. जरा झटकलं की चालू. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बाजारात भूपालअण्णा म्हणून घड्याळं दुरुस्त करणारा बसायचा. सांगलीकडचा जैन माणूस, माझ्याच वयाचा. एक टेबल, वर काचेची पेटी, डोळ्याला भिंग. तीस वर्षं त्या एका जागेवर. त्यानं घड्याळ ठेवून घेतलं, उघडून साफ केलं, आठवडाभर स्वतःच्या हातात घातलं. पुढच्या शनवारी म्हणाला, "तात्या, माझ्या हातावर एक मिनिट थांबलं न्हाई ह्ये." मी घरी आणलं. दोन दिवसांत बंद.

पुन्हा गेलो. त्यानं घड्याळाकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं. आणि हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "तात्या, डावा हात दुखतोय का वो तुमचा? हलत न्हाई जास्त."

त्या वेळी मला काय झालं हे कसं सांगू? मी डावा हात पाठीमागं नेला. कारण मला ठाऊक होतं की! मेंढराचा पाय हातातनं सुटायला लागला होता. सदऱ्याची बटणं लागत नव्हती. मी ते कुणाला कळू देत नव्हतो — स्वतःलासुद्धा. आणि या माणसानं ते एका घड्याळावरनं ओळखलं. पोरांना कळलं तर? मेंढरं विकतील, मला सांगलीला त्यांच्या विश्रामबागच्या फ्लॅटात नेऊन खाटेवर बसवतील. दुसरा कातरणारा कुणीतरी माझ्या गिऱ्हाइकांच्या दारात जाईल. हात गेला तर मी कोण?

मी ओरडलो. "मशीन बदललंस तू! आतलं जपानी काढून घेतलंस आन डुप्लिकेट घातलंस!"

आमच्याकडं घड्याळवाल्यावर हा संशय लोकांच्या ओठावरच असतो, हे तुम्हालाही माहीत असेल. माणसं गोळा झाली. अण्णा म्हणाला, दुसऱ्याला दाखवा, सांगलीला न्या. लोकही म्हणाले, बरोबर आहे, न्या.

गेलो. एकटाच. विश्रामबागच्या एका दुकानात नेलं. तिथल्या पोरगेल्या कारागिरानं पाठ उघडली, भिंगातनं बघितलं, बंद केली. "सगळं ओरिजनल आहे आजोबा. साफसफाई तर झकास केलीय कुणीतरी." मग म्हणाला, डावा हात वर करा बघू. मी केला. खांद्यापर्यंतही आला नाही. तो घाबरला. म्हणाला, घड्याळाचं राहू द्या, आधी डॉक्टरला दाखवा.

एसटीत बसलो तेव्हा मी काय बोलणार होतो? खरं सांगतो, ठरलं नव्हतं. आटपाडी येईपर्यंत ठरलं नव्हतं. अण्णाला बाजूला घेऊन सांगावं असंही मनात आलं. तो कुणाला बोलला नसता. आता कळतं, तो कधीच बोलला नसता.

शनवारी बाजारात माणसं वाट बघत होती. काय म्हणाला सांगलीवाला? मी म्हणालो, डुप्लिकेट निघालं. सांगलीवाल्यानं दुसरं ओरिजनल मशीन बसवून दिलं.

अण्णा उठून उभा राहिला. "तात्या, द्या इकडं. सगळ्यांम्होरं उघडतो."

"आता तुझा हात लावू द्यायचा न्हाई मी त्येला."

मग आमच्या धनगरांतलाच एक म्हातारा बोलला, "तात्या, भंडारा उचल, म्हंजे मिटलं."

भंडारा म्हणजे आमच्या बिरोबाची हळद. ती हातात घेऊन बोललं की ते खरं; खोटं बोलणाऱ्याचं घरदार बुडतं. पुढं कुणी विचारत नाही, पोलीसही नाही, पंचही नाही. माझ्या बापानं उभ्या जन्मात दोनदा उचलला होता, आणि दोन्ही वेळा आधी उपास धरला होता. मी? चिमूट पुढं आली तशी घेतली, कपाळाला लावली, आणि बोललो. उजव्या हातानं. डावा मी कंबरेत खोचून ठेवला होता.

अण्णा जैन माणूस, बिरोबा त्याचा देव नव्हे. तो भांडेल असं मला वाटलं होतं. मी भांडणाची तयारी करून उभा होतो. तो भांडला नाही. खाली बसला, डोळ्याचं भिंग काढलं, आणि म्हणाला, "तात्या भंडारा उचलत्यात म्हंजे खोटं न्हवं. त्या दिशी माझ्यापुढं अशीच दोन घड्याळं उघडी हुती. अदलाबदल झाली असंल. माझं डोळं गेलं."

कुणीतरी मागनं ओरडला, "आण्णा, आता परातीएवढं भिंग आणा!" लोक हसले. मीही हसलो. हे लिहायचं नव्हतं, पण हसलो.

पुढच्या बाजाराला टेबल नव्हतं.

त्याला सात वर्षं झाली. रोज पहाटे गोठ्यात जाऊन मी ते घड्याळ उजव्या हातात धरून हलवतो, शंभर-दीडशे वेळा, आणि मगच डाव्या मनगटावर बांधून लोकांत जातो. डावा हात आता लाकूड झाला आहे. लोक म्हणतात, वय झालं. हात आधी गेला आणि भंडारा नंतर उचलला, म्हणजे हा बिरोबाचा कोप नव्हे, एवढं मला कळतं. तरी उजवा हात जरा बधिर झाला की वाटतं — आता याची पाळी. आणि नातवाला ताप आला की? सुनेला दिवस गेले तेव्हा? नऊ महिने मला अन्न गोड लागलं नाही, आणि कारण कुणाला सांगता आलं नाही.

पण खरं सांगायचं ते अजून राहिलंच आहे.

भंडारा उचलल्यावर वर्षभरानं भूपालअण्णा माझ्या घरी आला होता. लेकीकडं राहत होता, घड्याळाचं काम सोडलं होतं. एसटीनं एवढ्या लांब आला, पेढ्यांचा पुडा घेऊन. बायकोनं चहा टाकला. तो माझ्यासमोर बसला, आणि माझ्या बायकोदेखत हात जोडून म्हणाला, "तात्या, जाणूनबुजून न्हाई केलं वो मी. डोळ्यानं दगा दिला. मनात ठेवू नका."

बायको माझ्याकडं बघत होती. मला बोलायला मोकळी जागा होती. दार उघडं होतं, आसपास आणखी कुणी नव्हतं, तो माणूस समोर होता.

मी म्हणालो, "न्हाई ठेवत, आण्णा. माफ केलं."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो माझ्या पाया पडला, आणि मी पडू दिलं.