गिटारवाल्याच्या केसांतलं पीठ

आमच्या रॉक बँडचा सराव डोंबिवली पूर्वेला, ड्रमवाल्याच्या वडिलांच्या पिठाच्या गिरणीत चालायचा. दुपारी गिरणी बंद असे, आणि एरवीच्या खडखडाटाला सरावलेले शेजारी आमच्याबद्दल चकार शब्द काढत नसत. मी गायक. कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये माझ्या इंग्रजी गाण्यांवर पोरं बाकांवर चढायची, त्यामुळे डोक्यात थोडी हवाही गेलेली. मग मी माजिवड्याला एका कंपनीत चिकटलो आणि सराव रविवारपुरता उरला. त्यातच ठाण्याचा एक मोठा कार्यक्रम आम्हाला मिळाला. तिथे गायचं, एवढं एकच माझ्या मनात होतं.

एका बुधवारी संध्याकाळी स्टेशनच्या पुलावर गिटारवाला भेटला. केसांत पीठ.

"आईने दळण आणायला पाठवलेलं रे," मी न विचारताच तो म्हणाला.

हा राहायचा पश्चिमेला, आणि तिथे त्याच्या बिल्डिंगच्या खालीच दुसरी एक गिरणी होती. पूल ओलांडून दळणाला कोण जातं? शिवाय हातात डबा नव्हता, पाठीवर गिटार मात्र होती. माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या रविवारी सगळे माझ्याशी नको इतके गोड वागले. चहासुद्धा आधी मला. मग तर माझी खात्रीच पटली, हे माझ्यामागे काहीतरी शिजवतायत.

पुढच्या बुधवारी कामाला दांडी मारून मी दुपारी गिरणी गाठली. शटर अर्धं खाली होतं, आणि आतून माझाच आवाज येत होता. आम्ही घरगुती कॅसेट भरली होती, त्यातलंच गाणं. एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यांच्या वासाने मला मध्येच अर्धवट श्वास घ्यायची सवय लागलेली. शेवटच्या ओळीआधी तोही ऐकू आला. हुश्श झालं. बिचारे माझी कॅसेट लावून सराव करतायत आणि मी काय काय मनात आणलं! लाज वाटली. पायरीवर बसून मी गुडघ्यावर ठेकासुद्धा धरला.

गाणं मध्येच थांबलं.

"पाणी आहे का रे?" त्याच आवाजाने विचारलं.

म्हणजे ती कॅसेट नव्हतीच. ड्रमवाला रिकामा जग घेऊन शटरखालून बाहेर आला आणि मला बघून जागीच थिजला.

"अरे, तू? आज कामावर नाही गेलास?"

"बरा गातो," मी म्हटलं. "फक्त तो मधला श्वास माझा आहे. तेवढा घेऊ नको म्हणावं त्याला."